आपला नंबर कोणता?

"आपल्याला नंबर कोणता मिळालाय गं?" बाबांनी विचारलं.

मी तेव्हा स्टुलावर चढून फ्रिजवरच्या राऊटरच्या अँटेना वाकवून बघत होते. खाली नवरा लॅपटॉपवर राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून मोठ्याने वाचत होता. चॅनेल एक, दोन, तीन... असे तेरापर्यंत, आणि सगळ्यात वर 'ऑटो'. बाबांना वाटलं, गॅसच्या ग्राहक क्रमांकासारखा यातला एखादा नंबर सरकारने आपल्या नावावर केलेला असणार आणि आम्ही दोघं वेंधळे तो विसरलोय.

मी तेव्हा हसले. रात्री मात्र तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला, कारण बाबा ज्या काळात वाढले त्या काळात तो अगदी रास्त प्रश्न होता.

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रोज रात्री नऊ वाजता बाबांचा बडोद्याला मोठ्या काकांना व्हिडिओ कॉल असतो. काका चौऱ्याऐंशीचे, गेल्या दिवाळीपासून अंथरुणावर. बाबा एकोणऐंशी. बाबांना ऐकू फार कमी येतं. कानात यंत्र आहे, पण त्यांचा खरा भरवसा समोरच्याच्या ओठांवर. त्यामुळे आवाज थोडा चिरका आला तर त्यांचं अडत नाही, चित्र थांबलं की सगळंच थांबतं. काका तिकडे बोलत असतात आणि इकडे बाबा त्यांच्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत, "दादा, बोल ना," म्हणत बसतात. हे महिनाभर रोज चाललं होतं. एकदा तर पाचेक मिनिटं चित्र हललं नाही आणि बाबांनी टॅब माझ्याकडे दिला. काहीच बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. म्हणून मी स्टुलावर चढले होते.

आता त्या प्रश्नाकडे.

१९५७-५८च्या सुमारास मिरजेच्या घरी आजोबांनी रेडिओ घेतला. तो घरात येण्याआधी परवाना काढावा लागला. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागायचा, मग ते फक्त ऐकण्याचं का असेना! पोस्टात जायचं, वर्षाचे पैसे भरायचे, परवान्याच्या पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ते पुस्तक रेडिओच्या मागेच ठेवलेलं असे, तपासायला कोणी आलं तर दाखवायला. बाबा सांगतात, पोस्टातली ती खेप दोघा भावांकडे असायची आणि शिक्का नीट उमटला की नाही हे बघायचा मान मोठ्या काकांचा. बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावायचा मानही त्यांचाच. स्टेशन सरकलं की काका काटा केसभर फिरवायचे आणि बाबा खिडकीशी उभे राहून तांब्याच्या जाळीची एरियल वर-खाली करायचे. "आता?" "नाही." "आता?" "हां, तिथेच थांब!" गाणं संपेपर्यंत बाबा तिथेच थांबायचे.

हे परवाने ऐंशीच्या दशकात बंद झाले. पण हवेतली जागा सरकारची, ती ज्याला दिली त्याची, त्याच्या नंबरावर दुसऱ्याने बोलायचं नाही, हे बाबांच्या मनात पक्कं बसलेलं. आकाशवाणीच्या बाबतीत ते आजही खरंच आहे. मोबाईल कंपन्या तर लिलावात हजारो कोटी मोजून अशी जागा घेतात. मग आपल्या घरातला हा डबा कोणाच्या जागेवर बोलतो?

याचं उत्तर, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, स्वयंपाकघरात आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली रेथिऑन कंपनी रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाच्या नळ्या बनवत होती. तिथला पर्सी स्पेन्सर हा फारसं शालेय शिक्षण न झालेला पण भारी डोक्याचा अभियंता. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली गोड वडी वितळली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण ऑक्टोबर १९४५मध्ये त्याने या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला हे नक्की. कंपनीने काढलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि तीनशे किलोंहून जड होती. ओट्यावर मावेल असा ओव्हन यायला १९६७ साल उजाडलं.

अशा भट्ट्या, डॉक्टरांची शेक देणारी यंत्रं, कारखान्यातले हीटर ही सगळी मंडळी हवेत भयंकर गोंगाट करणार हे उघड होतं. म्हणून १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत अशा यंत्रांसाठी काही पट्टे नेमून दिले गेले. त्यातला एक २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. अट अशी की इथे कोणाला संदेशवहन करायचंच असेल तर त्याने हा गोंगाट मुकाट्याने सोसायचा. गावाबाहेर ढोल-ताशांच्या सरावाला जागा द्यावी तसं. तिथे घर बांधा, पण आवाजाची तक्रार घेऊन येऊ नका. अभियंते पुढे या पट्ट्यांना चक्क कचऱ्याचे पट्टे म्हणत.

(जाता जाता एक. पाण्याचे रेणू नेमके २४५०लाच थरथरतात म्हणून ओव्हनला हा आकडा दिला, असं मलाही कोणीतरी शाळेत सांगितलं होतं. ते खरं नाही. पाणी त्याच्या बरंच खाली-वरही तापतं. आकडा निव्वळ वाटपातून आलेला आहे.)

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या पट्ट्याकडे कोणी प्रेमाने बघितलं नाही. मग अमेरिकेच्या एफसीसीमधला, म्हणजे तिकडच्या बिनतारी खात्यातला, मायकेल मार्कस नावाचा अभियंता एक प्रस्ताव घेऊन पुढे आला. एका बारीक रेषेवर जोरात बोलण्याऐवजी संदेश रुंद पट्ट्यावर पातळ पसरून हळू बोललं तर गोंगाटातही तो पोचतो. ही युक्ती तोवर मुख्यतः लष्कराकडे होती. ती सामान्यांना वापरू द्या आणि परवानाही मागू नका, असं त्याचं म्हणणं. प्रस्थापित कंपन्यांनी विरोध केला. तरी ९ मे १९८५ रोजी एफसीसीने तीन कचरापट्टे खुले केले. आपला २४००चा त्यातलाच. गंमत म्हणजे हे कोणी वाय-फायसाठी मागितलं नव्हतं. वाय-फाय हा शब्दच १९९९मधला.

या जागेचा पहिला चांगला उपयोग सुचला तो गल्ल्यांसाठी! दुकानांची कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला मोठ्या दुकानांत मांडणी बदलली की दरवेळी वायरी उखडाव्या लागायच्या. त्यांच्या हॉलंडमधल्या शाखेत बिनतारी जोडणीचं काम झालं. तिथलाच व्हिक हेज हा पुढे आयट्रिपलईच्या ८०२.११ समितीचा अध्यक्ष म्हणून वर्षानुवर्षं भांडकुदळ कंपन्यांना एका टेबलाशी धरून बसला. १९९० ते १९९७, सात वर्षं! माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा नायक तोच. हेडी लामार या सुंदर नटीचं नाव अधूनमधून 'वाय-फायची जननी' म्हणून फिरतं. तिचं १९४२चं पेटंट खरं आणि कौतुकाचंही, पण ते जागा बदलत उड्या मारण्याचं आहे. ती तऱ्हा पुढे ब्लूटूथने उचलली, घरोघरच्या वाय-फायने नाही. असो. सात वर्षं बैठका घेणाऱ्या माणसावर कोण सिनेमा काढणार?

चॅनेलचे आकडे या समितीच्या टेबलावरून आले. चॅनेल एक म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, दोन म्हणजे २४१७, असे दर पाच मेगाहर्ट्झवर एक दगड. इथेच माझ्यासारख्याची फसगत होते. दगड पाच-पाचवर, पण गाडी वीस-बावीस रुंद! चॅनेल तीनवर बसलं की एकपासून पाचपर्यंत सगळ्यांच्या अंगणात पाय. एकमेकांना अजिबात न लागता बसायचं तर एक, सहा आणि अकरा, बस. तेरा दिसतात, खरे तीन. त्यातही देशोदेशीच्या तऱ्हा. अमेरिकेत अकरापर्यंतच, युरोपात आणि आपल्याकडे तेरापर्यंत. जपानने चौदावा जोडला, तोही फक्त जुन्या पद्धतीसाठी. फ्रान्स आणि स्पेनमध्ये सुरुवातीला दहापासून पुढचे मोजकेच नंबर खुले होते.

आपल्याकडे? आपल्याकडे तो १९३३चा कायदा होताच. २४०० ते २४८३.५ हा पट्टा घरात आणि घराबाहेर, ठरावीक ताकदीपर्यंत, बिनापरवाना वापरायची मोकळीक केंद्र सरकारने जानेवारी २००५मध्ये अधिसूचना काढून दिली. ज्या यंत्रासाठी आजोबा पोस्टात रांगेत उभे राहिले असते, तसलं यंत्र आपण आता डब्यातून काढतो आणि लावतो. पण त्या मोकळीकीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, स्वतःला संरक्षण मागायचं नाही, आणि जागा सगळ्यांची सामायिक. माझ्या राऊटरच्या पोटावरही बारीक अक्षरांत अमेरिकन नियमाची हीच दोन वाक्यं आहेत, की हे यंत्र कोणाला उपद्रव देणार नाही, आणि येईल तो उपद्रव सोसेल.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. मोठ्याने, दोनदा.

"म्हणजे नंबर नाहीच मिळालेला," बाबा म्हणाले. "धर्मशाळा आहे."

बरोब्बर. धर्मशाळाच आहे. आणि धर्मशाळेत मी काय केलं होतं ते आता कबूल करते.

फोनवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात आजूबाजूची सगळी नेटवर्कं डोंगरांसारखी दिसतात. आमच्या कोथरूडच्या सात मजली इमारतीत रात्री नऊला माझ्या स्वयंपाकघरातून तेवीस डोंगर दिसले. सहावर तर जत्रा. एकवर चार-पाच, अकरावर आठ. आणि तीन नंबर? मोकळा! मी खूश झाले. 'ऑटो' काढून तीन लावला. ज्या शेजाऱ्यांना ही जागा सुचली नाही त्यांची मनातल्या मनात कीवही केली.

त्या रात्री काकांचं चित्र आधीपेक्षा जास्त वेळा गोठलं.

कारण शोधायला गेले तर गोष्ट हवाई बेटांवर पोचली. १९७१मध्ये तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओने एका संगणकाला जोडली. नाव ठेवलं अलोहानेट. सगळ्यांना बोलायला एकच लहर. नियम एवढाच की वाटेल तेव्हा बोला, दोघं एकदम बोलले आणि पोचपावती आली नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. साधं आणि चालणारं, पण गर्दी वाढली की एकूण वेळेच्या जेमतेम अठरा टक्के कामी येतात, बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो, हे गणिताने दाखवता येतं. वाय-फाय याच घराण्यातलं, फक्त आणखी शहाणं. आधी कान देतं. कोणी बोलत असेल तर गप्प राहतं, त्याचं संपलं की क्षणभर थांबून आपलं बोलतं.

मेख अशी की हा कान आपल्याच चॅनेलवरच्याचं बोलणं नीट ओळखतो. एका खोलीत चार माणसं बसली असतील तर एक बोलताना बाकीचे थांबतात, काम हळू होतं पण होतं. भिंतीपलीकडच्या खोलीत मात्र नुसती गुणगुण ऐकू येते. कोणी बोलतंय की पंखा फिरतोय ते कळत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. तीनवर बसून मी नेमकी ती भिंतीपलीकडची झाले होते. एकवरची आणि सहावरची मंडळी मला कुजबुज वाटत होती आणि मी त्यांना. सगळे एकमेकांच्या अंगावर बोलत होते, पोचलेलं पुन्हा पाठवत होते. मोकळी जागा म्हणून मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसले होते की हो! त्यात माझंच नुकसान होतं असं नाही, एकवरच्या आणि सहावरच्या निदान दहा-बारा घरांचंही थोडं थोडं बिघडत असणार. त्यातल्या कोणाची तरी आई अमेरिकेतल्या नातवाशी बोलत असेल. हे मला फार लागलं.

मग गर्दीतच, पण रीतसर गर्दीत जायचं ठरवलं. एक नंबर. तिथे डोंगर कमी, आणि ओव्हनचा गोंगाट साधारण पट्ट्याच्या मध्यापासून वरच्या बाजूला जास्त असतो, त्यापासूनही लांब. ओव्हनवरून आठवलं, नऊ वाजता आमच्याच घरात नवऱ्याचं जेवण गरम होत असे आणि राऊटर होता फ्रिजवर, ओव्हनपासून हातभर! तो हलवला. बाबांच्या खोलीच्या दाराशी, कपाटावर. या एका गोष्टीने निम्मं काम झालं असेल, आणि तिला कुठलंही सेटिंग लागलं नाही.

तुम्ही विचाराल, पाच गिगाहर्ट्झ का नाही वापरत? वापरतो की. तिथे जागा प्रशस्त, चॅनेल एकमेकांना न लागणारे आणि भरपूर. सरकारने २०१८मध्ये त्यातला मोठा भाग आणखी खुला केला. पण त्या लहरी भिंतीत लवकर दमतात, आणि मुख्य म्हणजे बाबांचा टॅब जुना, त्याला ते दिसतच नाही. नवा घ्यायला बाबा तयार नाहीत. त्या टॅबवर दादाचा फोटो कुठे दाबायचा हे त्यांच्या बोटाला पाठ झालंय. मी आग्रह सोडला. उलट आमचे फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे पाचवर हलवले आणि खालचा पट्टा घरात फक्त बाबांना ठेवला.

तरीही सहाचा एक डोंगर विचित्र दिसत होता. दुप्पट रुंद, जवळजवळ अर्धा पट्टा व्यापून बसलेला. २००९च्या सुधारणेत दोन चॅनेल जोडून चाळीस रुंदीने बोलायची सोय आली. मोकळ्या माळावर ती ठीक, इमारतीत म्हणजे दोन बाकांवर आडवं झोपल्यासारखं. नावावरून कळलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा राऊटर. आता अशी तक्रार कशी करायची? कायदा म्हणतो सोसा. सोसायटीच्या नियमावलीत पार्किंग आहे, कुंड्यांचं पाणी आहे, हे नाही.

शेवटी वाटीत थोडी खांडवी घेऊन गेले. काकूंना चाळीस आणि वीस यातलं काही माहीत नव्हतं. माणसाने बसवून दिलं ते तसंच होतं. पण त्यांची मुलगी घरून काम करते आणि तिचीही मीटिंग अडकते म्हणे. आम्ही दोघींनी मिळून ते पान उघडलं. पासवर्ड सापडायला अर्धा तास लागला, बदल करायला अर्धं मिनिट. चाळीसचे वीस केले, सहा सहाच ठेवला. निघताना काकूंनी विचारलं, "तुझ्या बाबांना आता दिसतं का गं नीट?" मी बाबांबद्दल त्यांना काही सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं, खिडकीतून रोज रात्री "दादा, बोल ना" त्यांनाही ऐकू येत असणार.

गेले तीन आठवडे चित्र फारसं थांबलेलं नाही. अगदी थांबतच नाही असं नाही. परवा काका बाबांना म्हणाले, तुझ्याकडचं स्टेशन आता स्वच्छ लागतं, कोणतं लावलंयस? बाबांनी एक बोट वर केलं. काकांनी तिकडून काटा फिरवल्यासारखी चुटकी फिरवली आणि दोघं बराच वेळ हसत राहिले. नंतर बाबांनी मला त्या परवान्याच्या पुस्तकाबद्दल विचारलं. मिरजेचं घर विकलं तेव्हा आत्याकडे गेलेल्या पेटीत ते असावं. आत्या, वाचत असलीस तर बघशील का? बाबांना ते काकांना कॅमेऱ्यासमोर दाखवायचंय.

काल रात्री मात्र अ‍ॅपमध्ये तीन नंबरवर एक नवा डोंगर उगवलाय, चांगला उंच. नाव ओळखीचं नाही. पाचव्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, मुलं आहेत नोकरी करणारी, त्यांचाच असणार. रविवारी सकाळी घरी असतील असं वॉचमन म्हणाला. जाऊन येते.